वाचनालयात कात्री कशाला?

मामा : कागदाचा बेडूक केला म्हणून मूल वाचायला लागतं का? एवढंच सांग मला.

भाची : नाही लागत. पण बेडूक करायला आलेलं मूल वाचनालयाच्या दारातून आत तरी आलेलं असतं, मामा.

मामा : दारातून तर मांजरही येतं.

मामांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात झाली आणि संसार झाला सरोजिनी नगरच्या टाइप टू क्वार्टरमध्ये. 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दक्षिण दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली, त्यात सरोजिनी नगर होतं. बरीचशी जुनी दुमजली क्वार्टरं गेली, टॉवर आले. मामा आता नोएडाला असतात, पण 'आमच्याकडे' म्हणाले की समजायचं, सरोजिनी नगर. भाची म्हणजे माझी धाकटी बहीण. दक्षिण दिल्लीतल्या एका लहानशा मोफत वाचनालयात ती दर शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते, चित्रं काढून घेते, नाटुकली बसवते. वाद घरातला होता, पण जागा, माणसं आणि पैसा तिन्ही तोकडी असताना सार्वजनिक वाचनालयाने मुलांसाठी काय करावं, हा प्रश्न घरापुरता नाही. म्हणून दोघांचं बोलणं इथे देतो. मध्ये मी तोंड घातलं आहे, त्याला इलाज नाही.

भाची : तुमच्या वेळी मुलांसाठी काहीच व्हायचं नाही का?

मामा : व्हायचं ना. मुलांना पुस्तकं मिळायची! ऑफिस सुटलं की मी आमच्या पोराला, तुझ्या दादाला, सायकलवर पुढे बसवून सरोजिनी नगरच्या दिल्ली पब्लिक लायब्ररीत न्यायचो. आत गेला की तो सुटला. कपाटापुढे उकिडवा बसायचा, दहा पुस्तकं काढायचा, नऊ परत ठेवायचा. कोणी त्याला गोलात बसवत नव्हतं, टाळ्या वाजवायला लावत नव्हतं. अगं, शाळेत बाई सांगतात बस, घरी आई सांगते ऊठ, शिकवणीत सर सांगतात लिही. मुलाला कोणी काही सांगत नाही अशी ही एकच जागा उरली होती. तिथेही तुम्ही 'चला मुलांनो' करत शिरलात.

मला वाटतं, मामांच्या भात्यातला हा सर्वांत धारदार बाण. पुढे त्यांनी खुर्च्यांचं, शांततेचं, कर्मचाऱ्यांचं बरंच काढलं, पण निवडण्याच्या मोकळिकीचा हा मुद्दा त्या सगळ्यांहून वजनदार आहे. सर्जनशील म्हणून जे उपक्रम चालतात, त्यांतल्या कित्येकांत सर्जन काय ते ताईंचं असतं. मुलं फक्त ठिपक्यांवरून कापतात.

भाची : दादाला वाचता येत होतं, मामा. घरात किशोर यायचा, चांदोबा यायचा. मामी रात्री गोष्ट वाचून दाखवायची. तो कपाटापुढे बसला तेव्हा निम्मं काम घरी झालेलं होतं. माझ्याकडे येतात त्यांतल्या कितीतरी मुलांचे वडील मार्केटमध्ये ठेला लावतात, आया बंगल्यांत धुणीभांडी करतात. घरात छापील कागद म्हणजे विजेचं बिल आणि शाळेची पुस्तकं. या मुलांपुढे कपाट उघडं ठेवलं तरी ते बंदच असतं. 2024 चा असर अहवाल बघा, पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा धडा सलग वाचता येत नाही.

मामा : असर खेड्यांची पाहणी करतं. दिल्लीतल्या पोराला गावचं माप लावू नकोस.

भाची : बरं, आकडा सोडा. पोरगंच बघा. माझ्याकडे एक सहावीतला आहे. 'पतंग' हा शब्द तो प, त, ग असा एकेक उतरून वाचतो, अनुस्वाराशी अडतो, आणि शब्दाच्या टोकाला पोचेपर्यंत आपण काय वाचत होतो तेच विसरतो. पण तीच गोष्ट मी पुस्तक आडवं धरून, चित्र त्याच्याकडे करून वाचली की मधेच ओरडतो, 'दीदी, हा खोटं बोलतोय, मागच्या पानावर त्याच्या हातात मांजा नव्हता.' याला वाचायचं कसब कमी आहे, अक्कल कमी नाही. आधी त्याला गोष्टीची चटक लागू दे, मग तो अक्षरांशी झुंजेल. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा ताराबाई मोडकांनी बालवाडीच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात नेली ना? बोर्डीला आणि कोसबाडला त्या आणि अनुताई वाघ काय करत होत्या?

मामा : ताराबाईंचं नाव घेतलंस म्हणून त्यांच्या सहकाऱ्याचं मी घेतो. गिजुभाई बधेका. 'दिवास्वप्न' वाचलंयस ना? त्यातल्या मास्तराने पोरांच्या क्रमिक पुस्तकांचे पैसे गोळा केले आणि त्यांतून वर्गाचं वाचनालय केलं. कात्री-डिंक नाही आणला, पुस्तकं आणली!

भाची : आणि पोरांकडून नाटक करून घेतलं, खेळ घेतले, रोज गोष्ट सांगितली. तुम्ही मधलं एकच पान वाचता, मामा.

मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ते पहिल्यापासूनच तसं वाचतात." मामांनी ऐकू न आल्याचं केलं.

भाची : शिवाय ज्या लायब्ररीचे तुम्ही गोडवे गाता, तिचा जन्मच उपक्रमांतला आहे.

मामा : ते तू मला सांगू नकोस. 27 ऑक्टोबर 1951. जुन्या दिल्लीच्या स्टेशनासमोर नेहरूंनी उद्घाटन केलं. युनेस्कोचा प्रायोगिक प्रकल्प होता. फी नाही, अनामत नाही, पुस्तकं कुलुपात नाहीत, वाचकाने स्वतः हाताने काढायची. आपल्याकडे तोवर पुस्तक म्हणजे काचेच्या कपाटातली चीज. मुलांचा विभाग पहिल्यापासून होता. समाजशिक्षण विभागही होता, त्यात नाटक, गाणं, चर्चा, सिनेमा सगळं चालायचं. फ्रँक गार्डनर नावाच्या इंग्रज ग्रंथपालाने पुढे त्याचं मूल्यमापन लिहिलं, युनेस्कोने ते 1957 मध्ये छापलं. मी ते वाचलंय. तू वाचलंयस?

भाची : नाही. पण तुम्ही आता माझीच बाजू मांडलीत.

मामा : थांब. त्या रचनेत नाटक बसवायला स्वतंत्र विभाग होता. पुस्तक देणारा माणूस पुस्तक देत होता. आज बहुतेक ठिकाणी एकच माणूस असतो. त्यानेच कुलूप उघडायचं, नोंदी करायच्या, फाटलेली पुस्तकं बाजूला काढायची, वर्तमानपत्रांच्या घड्या घालायच्या, आणि शनिवारी त्यानेच टोपी घालून ससा व्हायचं. सशाचा फोटो निघतो, नोंदवहीचा निघत नाही. मग नोंदवही मागे पडते.

हे खरं आहे, आणि दिल्लीपुरतं नाही. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालयं आहेत. त्यांतल्या खालच्या वर्गाच्या ग्रंथालयांत ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई एकाच खुर्चीवर बसलेले असतात. तिथे बालविभाग म्हणजे बऱ्याचदा एक बुटकं कपाट.

मी मध्येच बडोद्याचं नाव काढलं. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरली. मुलांसाठी वेगळी खोली झाली, तिथे खेळ ठेवले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यानेच मॅजिक लँटर्न आणि पुढे सिनेमाचे खेळ केले. म्हणजे 'हे सगळं हल्लीचं परदेशी फॅड' म्हणावं, तर मराठी राजाच्या संस्थानात ते शंभर वर्षांपूर्वी चालू होतं.

मामा : तिथे राजा होता. त्याने खातं काढलं, पगार दिले, माणसं शिकवून तयार केली. तुझ्या बहिणीचं वाचनालय हिच्या शनिवारवर चालतं. ही आजारी पडली की शनिवार आजारी. अमेरिकेत तरी काय? अ‍ॅन कॅरोल मूर या बाईंनी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत मुलांचा विभाग उभा केला, 1906 पासून. गोष्टींचे तास घेतले, खरं. पण त्या मुलांचे हातही तपासायच्या. स्वच्छ असतील तरच पुस्तक! आणि जपून वापरीन अशी हमी वहीत सही करून घ्यायच्या.

भाची : मीही हात धुवायला लावते.

मामा : डिंकाच्या आधी की नंतर?

भाची : दोन्ही वेळा! आणि मूरबाईंपाशी का थांबता? हेलसिंकीत 2018 मध्ये ऊडी नावाचं वाचनालय उघडलं. एका मजल्यावर कार्यशाळाच आहे. लोक तिथे येऊन शिलाई मशीन वापरतात.

मामा : शिलाई मशीन? आमच्याकडे त्यासाठी वाचनालयात कशाला जायचं? सरोजिनी नगर मार्केटात कुठल्याही गल्लीत मान वळव, मशीन दिसेल.

दोघंही हसले, आणि वाद संपला असं मला वाटलं. तेवढ्यात मामांनी खुर्च्यांचा विषय काढला.

मामा : आता तुला न आवडणारी गोष्ट सांगतो. वाचनालयात आज सर्वांत जास्त तास कोण बसतं? स्पर्धा परीक्षांची पोरं. एसएससी, बँक, रेल्वे, यूपीएससी. एका खोलीत चौघं राहतात, तिथे अभ्यास होत नाही. दिल्लीत गल्लोगल्ली 'लायब्ररी' अशा पाट्या आहेत, आत जाऊन बघ, एक पुस्तक नसतं. महिन्याच्या भाड्याने खुर्ची मिळते, वर एसी आणि वायफाय. 27 जुलै 2024 ला राजेंद्र नगरात कोचिंगच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. ते तळघर लायब्ररी म्हणून वापरात होतं. गरीब घरच्या उमेदवाराला शांत खुर्ची फुकट मिळण्याची एकच जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. तू शेजारच्या खोलीत पोरांकडून सिंहाची डरकाळी काढून घेणार, त्याने आधुनिक भारताचा इतिहास कसा पाठ करायचा?

भाची : त्या उमेदवारांची मला कणव आहे. पण मामा, ते तिथे स्वतःची गाइडं घेऊन येतात. वाचनालयातलं पुस्तक हातात घेत नाहीत. त्यांना अभ्यासिका हवी आहे, ती सरकारने बांधावी, भरपूर बांधाव्यात. मुलांची खोली काढून अभ्यासिका का करायची? जागा कमी पडली की पहिली कोणाची जाते? मुलांचीच. कारण आठ वर्षांचं पोर निवेदन देत नाही, उपोषणाला बसत नाही.

इथे मी बहिणीच्या बाजूचा आहे, लपवत नाही. युनेस्कोच्या 1994 च्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात ग्रंथालयाच्या कामांची यादी आहे. मुलांना लहानपणापासून वाचनाची सवय लावणं हे त्यात अगदी पहिलं. मुलांच्या कल्पनाशक्तीला चालना देणं हेही त्याच यादीत, वरच्या चारांत. परीक्षेच्या तयारीला तिथे औपचारिक शिक्षणाच्या पोटात जागा मिळते, नाही असं नाही, पण ती पहिली नाही. डरकाळीचा प्रश्न वेळापत्रकाने सुटतो. सकाळी डरकाळी, दुपारनंतर शांतता. खोलीच गेली तर मात्र वेळापत्रकाला काही करता येत नाही.

मामांना हे पटलं नाही. ते म्हणाले, वेळापत्रक कागदावर सुटतं, पोरांना घड्याळ कळत नाही. पण त्यांनी विषय पुढे रेटला नाही. उलट फोटोंवर आले, आणि तिथे गंमत म्हणजे दोघांचं जमलं.

मामा : अहवालाला 'उपक्रम' लागतात, म्हणून उपक्रम. वाचन प्रेरणा दिन, अमुक सप्ताह, तमुक पंधरवडा. मागे बॅनर, पुढे पोरं, मध्ये पाहुणे.

भाची : पाहुणे येईपर्यंत पोरांनी हलायचं नाही. चित्रकलेची स्पर्धा आणि विषय 'पुस्तक माझा मित्र'. पन्नास पोरं पन्नास सारखी चित्रं काढतात, पुस्तकाला हातपाय आणि डोळे. बक्षीस म्हणून काय देतात माहितीय? पाण्याची बाटली.

मामा : पुस्तक नाही?

भाची : पुस्तक नाही.

मामांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे तरी वेगळं काय होतं? नीट सांग. काय कापता, काय चिकटवता?"

बहिणीने सांगितलं ते असं. मार्केटमागे ब्लाउज, परकर शिवणारे आणि कपडे लहान-मोठे करून देणारे कारागीर बसतात. दिवसाअखेर त्यांच्या पायाशी कातरणाचा ढीग साठतो. त्यातलं पोतंभर तिने आणलं: फुलाफुलांचं रेयॉन, डेनिमच्या पट्ट्या, टी-शर्टाच्या कापडाचे तुकडे, एक चमकीचं कापड, ज्यावरून पोरींची भांडणं झाली. खोक्यांचे पुठ्ठे वहीच्या आकाराचे कापून घेतले. सूचना एकच: तुमच्या घरातल्या कुणाच्यातरी कामाबद्दल पुस्तक करा. अट अशी, की चिकटवायच्या आधी गोष्ट तोंडी सांगायची आणि शेजाऱ्याला ती कळली पाहिजे. सहावीतला तो अनुस्वाराशी अडणारा मुलगा वडिलांच्या ठेल्याचं पुस्तक करायला बसला. पहिल्या पानावर डेनिमचा ठेला, त्यावर चिंध्यांचे टॉप लटकलेले. खाली त्याने लिहिलं, 'सौ का एक'. दुसऱ्या पानावर संध्याकाळ, टॉप तेवढेच, खाली 'डेढ सौ के दो'. तिसऱ्या पानावर पाऊस, म्हणून निळं कापड, आणि लिहिलं होतं, 'जो देना है दे दो'. चौथ्या पानावर ठेला रिकामा. कमेटीची, म्हणजे ठेले उचलून नेणारी पालिकेची, गाडी आली होती. तिथे त्याने काही लिहिलं नाही.

भाची : चार पानांत त्याने भाव कसा पडतो ते सांगितलं, मामा. 'सौ', 'डेढ', 'दो' हे शब्द त्याने कोणाला न विचारता लिहिले, कारण ते त्याने रोज पाहिलेत. डेढला ढ लिहायचा की ड, यावर शेजारच्या मुलीशी त्याची खडाजंगी झाली, आणि दोघं उठून कपाटाकडे गेली, कुठल्या पुस्तकात डेढ सापडतो ते बघायला.

मामा : सापडला?

भाची : गणिताच्या गोष्टीच्या पुस्तकात.

मामा : मग त्याने ते पुस्तक घरी नेलं?

भाची : नाही.

मामा : तेच म्हणतोय मी! उपक्रम झाला, पुस्तक कपाटातच राहिलं. रंगनाथन काय सांगून गेले? पुस्तक वापरण्यासाठी असतं. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. 1931 ची गोष्ट. तुझ्या शनिवारचा हिशेब एकाच आकड्यात होतो: किती पोरांनी जाताना पुस्तक नेलं.

हा प्रश्न मी तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी मनात विचारून पाहिला आहे, आणि तो भल्याभल्या कार्यक्रमांना उघडं पाडतो. ओरिगामीचं शिबिर छान होतं, पण ओरिगामीची पुस्तकं मांडून ठेवली होती का? विज्ञानाची खेळणी केली, तर अरविंद गुप्तांचं पुस्तक पोरांच्या हाताला लागेल असं ठेवलं होतं का? काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन करायची त्यांची युक्ती घरी एकट्याने करून बघण्याजोगी आहे, पुस्तक सोबत असेल तर. माधुरी पुरंदरे यांची 'वाचू आनंदे' ही मालिका मला याच कारणासाठी आवडते. उतारा, शेजारी एखादं नावाजलेलं चित्र, मग बोलायला, शोधायला, करून बघायला काहीतरी. त्यात करणं वाचनातूनच निघतं आणि पुन्हा वाचनाकडेच येतं. बहिणीने तिथली एक कल्पना उचलून दिल्लीच्या हवेला जुळवून घेतली आहे: किशोरच्या जुन्या अंकाचं पान द्यायचं आणि त्यातले सगळे 'ळ' शोधायचे. हिंदीत शिकणाऱ्या आपल्या मराठी पोरांना देवनागरी येतेच, मराठी पुस्तक त्यांना अर्धं उघडलेलं असतं. अडतं ते या एका अक्षराशी आणि घरात न ऐकलेल्या शब्दांशी.

मामा : मराठी पुस्तकांचं म्हणशील तर कायदाही आपल्या बाजूचा आहे. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातल्या ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि आपली दिल्ली पब्लिक लायब्ररी. म्हणजे पुण्यात छापलेलं मुलांचं पुस्तक दिल्लीत यायलाच हवं.

भाची : आणि आलं की? मूल कधी त्याच्यापर्यंत पोचतं? आम्ही पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकलो, आम्हाला तरी कोणी सांगितलं होतं का? पुस्तक दिल्लीत आणण्याचं काम कायदा करतो. पुढचं कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय होत नाही. दक्षिण दिल्लीत मोफत वाचनालयं चालवणारे कम्युनिटी लायब्ररी प्रोजेक्टचे लोक वाचून दाखवण्यालाच कामाचा कणा मानतात, ते उगीच नाही.

मामा : वाचून दाखवायला माझी ना नाही. ते मामीसुद्धा करायची. माझं भांडण कात्रीशी आहे.

भाची : मग राहिलेलं ऐका. त्या मुलाने गणिताचं पुस्तक नेलं नाही, कारण त्याला दुसरंच काही हवं होतं. स्वतःचं पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाला, 'दीदी, इसका भी नंबर लगाओ.' बाकी पुस्तकांच्या पाठीवर असतो तसा. मी लावला. दाखल रजिस्टरात नोंद केली: लेखक, पानं चार, किंमत नाही. पुढच्या शनिवारी ते दोघांनी मागितलं. एकाने नेलं, दुसऱ्याने नाव लावून ठेवलं. आता मला सांगा, रंगनाथनांचा तिसरा नियम पाळला गेला की नाही? पुस्तकाला वाचक मिळाला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता ते 'हं' म्हणून चहा मागतील. पण माणूस ग्रंथपाल होता.

मामा : दाखल क्रमांक दिलास, ठीक. वर्गांक काय दिलास?

भाची : तो नाही दिला. 'मुलांची पुस्तकं' असं लिहून वेगळ्या टोपलीत ठेवलंय.

मामा : म्हणजे त्याला वेगळं पाडलंस. टोपलीत ठेवलं की ते हस्तकला झालं. बाजारावरचं पुस्तक आहे ना? ड्यूईच्या वर्गीकरणात 381, व्यापार. त्या कपाटात दुसऱ्या बाजाराच्या पुस्तकांशेजारी उभं कर. पोरगं आपलं पुस्तक बघायला येईल, शेजारचं हाताला लागेल. खुल्या मांडणीचा अर्थच तो.

भाची : आमच्याकडे 381 मध्ये मुलांचं दुसरं एकही पुस्तक नाही, मामा.

मामा : मग आणा! हे कळलं ते त्या पोराच्या पुस्तकामुळेच ना? बाजार, दुकान, नाणी, वजनमापं. मी यादी करून देतो. आणि एक अट माझी. वाचत बसलेल्या पोराला उपक्रमासाठी उठवायचं नाही. कितीही मजेचा असला तरी नाही.

भाची : मान्य. पण उपक्रमातून उठून वाचायला गेलेल्यालाही परत बोलवायचं नाही, तुमच्या उमेदवारांना त्रास होतो म्हणून.

मामा : त्या उमेदवारांचं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, लक्षात ठेव. सोमवार ते शुक्रवार ती खोली रिकामी ठेवून तू काय करतेस, तेही मला बघायचंय.

भाची : या शनिवारी या. तुम्हीच वर्गांक घाला. अकरा पुस्तकं झालीत.

मामा : डिंकाने चिकटवलीत ना सगळी? कोणता, बाजारचा की घरची खळ?

भाची : खळ. मैद्याची. स्वस्त पडते.

मामा : बोंबला! पावसाळ्यात कसर आणि झुरळं आधी तीच खातात. आमचा बाइंडर खळीत मोरचूद घालायचा, पण ते विष, पोरांच्या हातात द्यायचं नाही. पुठ्ठ्याला दाभणाने तीन भोकं पाडायची, जाड दोरा मधल्या भोकातून घालून वरून-खालून फिरवायचा आणि गाठ आतल्या बाजूला मारायची. दहा वर्षांच्या मुलाला जमतं. दाभण मी आणतो. कात्री तुझी तू आण.